दुर्मिळ मासा वाढावा

एका जंगलात... थांबा मुलांनो, जंगल म्हटलं की लगेच सिंह आणि ससा डोळ्यांपुढे आणू नका. हे जंगल पाण्याखालचं होतं. झाडांच्या जागी शेवाळ, डोंगरांच्या जागी प्रवाळ आणि सिंहाच्या जागी मुशी. मुशी म्हणजे शार्क. तुमची आई बाजारात घासाघीस करून घेते ती लहान मुशी नव्हे. ही आईलाच घेऊन जाईल एवढी मोठी.

या राजाचं नाव महाराज मुशीदेव. दात इतके की महाराज नुसते हसले तरी दरबार चार हात मागे सरायचा. पण महाराज प्रजाहितदक्ष होते. प्रजा धष्टपुष्ट असावी, असं त्यांना अगदी पोटातून वाटायचं.

या राज्याच्या तळाशी, जिथे ऊन पोचता पोचता दमून परत फिरतं, तिथे एका काळ्या कपारीत गभीराबाई नावाची मासळी राहायची. धिप्पाड, निळी, अंगावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखे पांढरे ठिपके. तिचे पर इतर माशांसारखे पातळ नव्हते. जाडजूड, मांसल, पाय फुटता फुटता राहून गेल्यासारखे. तिच्या घराण्याची एक शाखा फार पूर्वी खरोखरच काढता पाय घेऊन जमिनीवर निघून गेली होती. त्या शाखेचं पुढे काय झालं, ते घरी जाऊन आरशात बघा.

गभीराबाईचे पूर्वज मात्र इथेच राहिले. डायनोसोर आले, मोठमोठ्याने ओरडले आणि गेले. तेव्हाही हे घराणं याच कपारींमधून डोकं खाली, शेपटी वर अशा थाटात शांतपणे तरंगत होतं. या आसनाचा फायदा असा की वर काय चाललंय ते दिसत नाही. तब्येत चांगली राहते.

आणि आता गभीराबाईला दिवस गेले होते.

तिच्या जातीत अंडी पोटातच फुटतात आणि पिलं पोटातच वाढतात. वर्षानुवर्षं वाढतात. त्यांना फार काही लागत नाही. अंधार हवा, गारवा हवा आणि कुणी येऊन ‘काय चाललंय’ असं विचारायला नको. तळाशी हे सगळं फुकट होतं. म्हणून तर वरच्या लोकांना त्याची किंमत ठाऊक नव्हती.

शेजारच्या भेगेत वामनकाका राहायचे. जातीने वाम. वाम म्हणजे सापासारखा लांबलचक मासा. काका भेगेतून फक्त तोंड बाहेर काढायचे, पण तेवढं पुरायचं.

“काय गं गभीरे, अजून किती दिवस?”

“होईल तेव्हा होईल, काका.”

“आमच्यात एवढ्या वेळात पोरांची लग्नं लागतात.”

“म्हणूनच तुमच्यात सारखे काडीमोड होतात.”

असं सगळं छान चाललं होतं. म्हणजे काहीच चाललं नव्हतं, म्हणून छान होतं.

एक दिवस वरून काळ्या शाईचा लोट आला आणि त्या लोटातून एक ऑक्टोपस धडपडत बाहेर पडला. हे डॉक्टर अष्टपुत्रे. राज्यातले सर्वांत मोठे विद्वान आणि ‘भरती-ओहोटी’ या दैनिकाचे संपादक. त्यांना लिहायला दौत लागत नसे. शाई अंगातच होती. कुणी अवघड प्रश्न विचारला की ती आपोआप सुटायची आणि प्रश्न दिसेनासा व्हायचा. त्या दिवशी काही बांगड्यांनी त्यांना गाठून विचारलं होतं, “साहेब, आमचे एवढे मोठे थवे होते, ते गेले कुठे?” डॉक्टरांनी इतकी शाई सोडली की ते स्वतःच वाट चुकले.

त्यांनी समोर पाहिलं आणि त्यांचे आठही हात गळाले.

“अहो! तुम्ही तर गेलात!”

“कुठे?” गभीराबाईने उलटंच राहून विचारलं.

“गेलात म्हणजे... नामशेष झालात! तुमची जात केव्हाच संपली. मी प्रबंध लिहिलाय त्यावर.”

“मग दुरुस्त करा.”

“तो छापून झालाय, बाई!”

वामनकाकांनी तोंड बाहेर काढलं. “गभीरे, मर ना जराशी. डॉक्टरांची अडचण होतेय.”

मुलांनो, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. पण विद्वान असल्यामुळे डॉक्टरांनी त्या क्षणी डोकं वापरलं. प्रबंध चुकला ही बातमी वाईट होती. पण मासा सापडला ही बातमी चांगली होती. आणि बातमी कुठली छापायची हे संपादकाच्या हातात असतं. त्यांना तर आठ हात होते.

दुसऱ्या दिवशी ‘भरती-ओहोटी’त मथळा झळकला: ‘हरवलेल्या मासळीचा डॉक्टर अष्टपुत्रे यांनी लावला शोध!’

“मी हरवले कधी होते?” गभीराबाईने विचारलं.

“तू नव्हतीस हरवलीस,” काका म्हणाले. “पण आता हरवशील. बघ.”

आणि रीघ लागली.

कपाळावर दिवे असलेले मासे आले. त्यांनी ते दिवे गभीराबाईच्या डोळ्यांत रोखले आणि “जरा सरळ राहा ना, उलट्या चांगल्या दिसत नाही,” असं सांगितलं. शाळांच्या सहली आल्या. एक तारामासा आपल्या मुलीचं लग्न ठरत नाही म्हणून आला. एवढ्या जुन्या बाईच्या पाया पडलं की काम होतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याला पाय सापडेनात, पराच्याच पाया पडून गेला.

मग सत्कार समिती आली. समितीचे अध्यक्ष राज्याचे प्रधान तिरपे. जातीने खेकडा. तिरपे कुठल्याच प्रश्नाला सामोरे जात नसत. त्यांना समोर जाताच येत नसे. त्यांनी शेवाळाची शाल आणली आणि श्रीफळ आणलं. पण मुलांनो, नारळ पाण्यावर तरंगतो. प्रधानांनी तो दोन्ही नांग्यांत धरून खाली ओढावा, भाषणात “याप्रसंगी” असं म्हणताना एक नांगी उचलावी आणि नारळाने त्यांना घेऊन वर निघावं. शेवटी भाषण अर्धं तळाशी झालं आणि अर्धं वर, लाटांवर. वरच्या अर्ध्याला जास्त टाळ्या पडल्या, कारण तिथे कुणी ऐकायला नव्हतं, लाटाच आपटत होत्या.

प्रकाशाने आणि गोंगाटाने गभीराबाईच्या पोटातली पिलं अस्वस्थ झाली. ती आतून ढुशा देऊ लागली. अजून वेळ भरली नव्हती. गभीराबाई कपारीत आणखी आत सरकली, पण दिवेवालेही आत सरकले.

“काका, यांना जायला सांगा ना.”

“सांगितलं. तर म्हणाले, तुम्ही दुर्मिळ नाही आहात, तुम्ही मधे बोलू नका.”

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्याच दिवसांत वरच्या पाण्यात काय चाललं होतं? मोठमोठी जाळी समुद्राचा तळ खरवडून जात होती. नाल्यांमधून रंगीत पाणी येत होतं. बांगडे कमी झाले, तारल्या कमी झाल्या. बोंबलांनी तर बोंब मारली. पण बोंबलांनी बोंब मारली तर ती त्यांची जातच आहे, असं प्रधान म्हणाले. मत्स्यकल्याण खात्याचं धोरण स्पष्ट होतं: सामान्य माशाकडे लक्ष द्यायचं नाही. तो दुर्मिळ होईपर्यंत धीर धरायचा. दुर्मिळ झाला की दिवस साजरा करायचा.

तर गभीराबाईसाठी दरबार भरला. तिला अर्थात बोलावलं नव्हतं. वामनकाका मात्र गेले होते, कारण वाम कुठल्याही फटीतून आत शिरते. परत आल्यावर त्यांनी सगळं साग्रसंगीत सांगितलं, ते असं.

दरबारात प्रश्न होता: या मासळीचं करायचं काय? डॉक्टर अष्टपुत्रे म्हणाले, “जतन करावं.” डॉक्टरांच्या मते जतन म्हणजे बाटली. बाटलीत औषधी पाणी, पाण्यात मासळी, वर झाकण आणि झाकणावर डॉक्टरांचं नाव. प्रधान तिरपे म्हणाले, “संरक्षण करावं.” संरक्षण म्हणजे कपारीच्या तोंडाशी त्यांचे मेहुणे, भाचे आणि साडू नांग्या परजून उभे राहणार, आणि त्यांच्या जेवणाखाण्याचं राज्याने बघायचं.

मग उठले पाणकावळेसाहेब. पाणकावळा म्हणजे बुडी मारून मासे पकडणारा काळा पक्षी. त्यांचा माशांचा दांडगा अनुभव लक्षात घेऊन महाराजांनी त्यांना मत्स्यकल्याण खात्याचे प्रमुख म्हणून नेमलं होतं. पण ते पडले पक्षी. त्यांना मधेच श्वास घ्यायला वर जावं लागायचं. त्यामुळे त्यांचं कुठलंच वाक्य एका दमात पुरं होत नसे. लोकांना वाटायचं, काय विचारपूर्वक बोलतात!

“महाराज,” पाणकावळेसाहेब म्हणाले, “या मासळीचं खात्यातर्फे—”

आणि ते वर गेले. दरबार थांबला.

“—संवर्धन करावं!”

“म्हणजे काय?” महाराजांनी विचारलं. जेवणाची वेळ टळून गेली होती. “प्रजेला समजेल अशा भाषेत सांगा.”

“संवर्धन म्हणजे वाढ, महाराज. मासा वाढला पाहिजे.”

“मग तसं लिहा की! दुर्मिळ मासा वाढावा.”

वा वा झाली. चारदोन शब्दांत केवढं धोरण! डॉक्टरांनी जागच्या जागी आपल्या शाईने आज्ञा लिहिली: ‘दुर्मिळ मासा वाढावा. येत्या संवर्धनदिनी. आज्ञेवरून.’ एक प्रत मत्स्यकल्याण खात्याला गेली आणि शिरस्त्याप्रमाणे एक राजवाड्याच्या स्वयंपाकघराला.

महाराजांना नक्की काय म्हणायचं होतं, हे विचारायची त्या दरबारात पद्धत नव्हती. महाराज स्वतःलाही विचारत नसत.

हे ऐकून गभीराबाई बऱ्याच वेळाने पहिल्यांदा सरळ झाली.

“काका, मासा वाढावा म्हणजे?”

“तेच तर,” वामनकाका म्हणाले. “मराठी भाषा मोठी गोड. नको तिथे तर फारच गोड.”

संवर्धनदिनाच्या सकाळी कपारीपाशी एक लांब मिशांचा शेवंड, म्हणजे कोळंबीचा थोरला भाऊ, येऊन उभा राहिला. हे शेवंडे, राजवाड्याचे वाढपी. कमरेला पंचा, नांगीत परात. मागे राजवाड्यात चाललेल्या ताटं मांडण्याचे आवाज अजून त्यांच्या कानात घुमत होते.

“चला बाई,” शेवंडे म्हणाले. “तुम्हाला वाढायचंय.”

“मला नाही वाढायचं,” गभीराबाई म्हणाली. “माझी वाढ केव्हाच झाली.”

“तुम्हाला कुठे वाढायचंय? तुम्हाला आम्ही वाढणार.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? पंगत बसलीय! भात झाला, कढी झाली. आता तुम्ही.”

एवढ्यात वरून पाण्याची रेघ ओढत पाणकावळेसाहेब खाली आले.

“खबरदार शेवंडे! ही मासळी खात्याची आहे. हिला आम्ही किनाऱ्याच्या संवर्धन केंद्रात नेणार. तिथे ऊन आहे, उथळ पाणी आहे, लोकांना बघायला कठडा आहे. तिथे ही मोठ्या आनंदाने—”

ते वर गेले.

“मरेल,” वामनकाकांनी वाक्य पुरं केलं.

“—वाढेल!” साहेब परत येऊन म्हणाले.

गभीराबाई शांतपणे म्हणाली, “साहेब, मी थंड अंधारातली बाई. वर नेलंत तर वाटेतच माझा जीव जाईल. माझ्या पोटात पिलं आहेत, तीही जातील. आमचं घराणं कोटी कोटी वर्षं वाढलंच आहे ना इथे, तुमच्याशिवाय?”

“तीच तर अडचण आहे,” साहेब म्हणाले. “आमच्याशिवाय वाढलात, हे नियमाबाहेर आहे.”

“आणि साहेब,” शेवंडे ताडकन म्हणाले, “आज्ञा आमच्याकडेही आलीय. ‘वाढावा’ असं लिहिलंय. वाढायचं काम वाढप्याचं. खात्याने कधी कुणाला काही वाढलंय? उलट केंद्रात दिलेलं सगळं खाऊन—”

“तोंड सांभाळ!”

“तुम्ही श्वास सांभाळा!”

भांडण प्रधान तिरप्यांकडे गेलं. तिरप्यांनी आज्ञा एका बाजूने वाचली, दुसऱ्या बाजूने वाचली. त्यांना बाजूनेच वाचता येत असे. मग त्यांनी निवाडा दिला, “दोन्ही अर्थ रास्त आहेत. आधी वाढवा, मग वाढा. वर नेताना जेवढी वाढेल तेवढी वाढू द्या, पोचली की वाढून टाका. खात्याचाही मान राहील, स्वयंपाकघराचाही.”

मुलांनो, यालाच समन्वय म्हणतात.

आता सगळेच घाईला आले. महाराज पानावर बसले होते. शेजारच्या समुद्रांचे पाहुणे बसले होते. आणि महाराज उपाशी असले की वाढप्याकडेच बघू लागतात, हा राजवाड्यातला जुना अनुभव होता. प्रधान, साहेब, वाढपी आणि बातमीसाठी डॉक्टर अष्टपुत्रे असे चौघे कपारीच्या तोंडाशी दाटीवाटीने उभे राहिले. चारही बाजूंना दिवेवाले मासे. मागे जाळं.

गभीराबाईच्या पोटात कळ आली. हीच ती कळ. वेळ भरली होती. आता तिला वर ओढलं असतं तर उन्हाच्या पहिल्या पट्ट्यातच सगळं आटोपलं असतं, आईचं आणि पिलांचं. डायनोसोरांना जे जमलं नाही ते या चौघांना जमलं असतं, आणि तेही सत्कार करून.

तिने वामनकाकांकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हटलं, “गभीरे, बोल काहीतरी. तुझ्या घराण्यात कुणी आजवर बोललं नाही, म्हणून ही वेळ आली.”

गभीराबाईने कळ गिळली आणि वाढप्याला हाक मारली.

“शेवंडे दादा, एक विचारू? माझ्या जातीचं मांस कुणी खाल्लंय?”

“आम्ही नाही बुवा.”

“नुसतं तेल आणि मेण आहे. जो खाईल त्याच्या पोटात काही टिकणार नाही. पानावरून उठायलासुद्धा सवड मिळत नाही. आमच्या घरात ही गोष्ट फार जुनी आहे.”

शेवंड्यांच्या मिशा ताठ झाल्या. “म्हणजे... महाराज... भर पंगतीत?”

“पाहुण्यांसमोर,” वामनकाका म्हणाले.

“आणि मग महाराज विचारणार,” गभीराबाई म्हणाली, “की हे वाढलं कुणी?”

परात शेवंड्यांच्या नांगीतून निसटली. “मी नाही वाढणार. साहेब, तुम्हीच वाढवा बाईंना. वाढप्याचा यात काही संबंध नाही.”

“आम्ही कशाला?” पाणकावळेसाहेब घाबरून म्हणाले. “आम्ही केंद्रात नेलं आणि ती मेली तर नाव आमचंच—” ते वर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. ते येईपर्यंत प्रधान तीन पावलं डावीकडे सरकले होते, म्हणजे जवळजवळ निघूनच गेले होते.

“पण महाराज वाट बघतायत!” शेवंडे रडवेले झाले. “पानात वाढायचं काय?”

“एक विचारते,” गभीराबाई म्हणाली. “मी नव्हते तेव्हा कुणाचं काही अडलं होतं का?”

प्रधानांनी चौथं पाऊलही डावीकडे टाकलं.

“डॉक्टर, तुम्ही सांगा. मी नामशेष होते तेव्हा तुमचा प्रबंध बरोबर होता ना?”

डॉक्टर अष्टपुत्र्यांच्या तिन्ही हृदयांना एकदम धक्का बसला. “होता! सगळीकडे होता. अभ्यासक्रमातही लागला होता.”

“मग मला परत नामशेष करा ना.”

“पण तुम्ही तर ढळढळीत समोर आहात, बाई.”

“पहिल्यांदा केलंत तेव्हाही मी इथेच होते.”

अशा वेळी डॉक्टरांची शाई सुटते, तशी थोडी सुटली. ती निवळेपर्यंत त्यांचा विचार पुरा झाला होता.

“होईल,” ते म्हणाले. “शेवटचीच होती असं छापू. महाराजांनी खाल्ली, म्हणजे संपली. कुणाला परत ‘आणखी वाढा’ म्हणायची सोय नाही.”

“पण खाल्ली काय?” शेवंडे ओरडले. “पानात काहीतरी वाढायला हवं ना!”

तेवढ्यात पाणकावळेसाहेब धापा टाकत खाली आले. त्यांनी वरूनच सगळं ऐकलं होतं. “केंद्रात एक घोळ आहे. मोठा. तुमच्या परातीत जेमतेम मावेल एवढा. नमुना म्हणून वाढवायला ठेवला होता, तो काल—”

ते वर गेले. सगळे वर बघत राहिले.

“—मेला.”

“कशाने?”

“संवर्धनाने,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “उथळ पाणी. कडक ऊन. वर कठड्यावरचे लोक शेंगदाणे टाकतात.”

मुलांनो, घोळ हा एक मोठा, चविष्ट मासा असतो. त्याला निळ्या शेवाळाने रंगवलं. अंगावर चुन्याचे शिंतोडे उडवले. प्रधानांनी स्वतः ते ठिपके दिले, अर्थात सगळे एकाच बाजूला. परातीत पालथा घातला आणि शेवंडे तो घेऊन पंगतीत गेले.

वामनकाका हे बघायला गेले नसते तरच नवल. परत येताच ते भेगेत न शिरता आधी कपारीपाशी आले.

“गभीरे! राजाच्या पानात घोळ वाढला!”

“मग?”

“मग काय! आता घोळ कमी व्हायचा नाही. महाराजांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. म्हणाले, अहाहा, कोटी कोटी वर्षांची चव आहे. पाहुण्यांनीही तेच म्हटलं. महाराज म्हणाले, ‘आणखी वाढा.’ तेव्हा प्रधान तिरके होऊन म्हणाले, ‘महाराज, ती शेवटची होती.’ मी म्हटलं, आता गेलं सगळं. पण महाराजांच्या डोळ्यांत पाणी आलं गं! खरंखुरं. म्हणाले, ‘केवढी थोर जात! आणि तिचा अंत आमच्या हातून व्हावा, हे आमचं भाग्य.’”

“त्यांच्या डोळ्यांत पाणी कसं दिसलं तुम्हाला? समुद्रातच आहेत ना?”

“अगं, उद्याच्या ‘भरती-ओहोटी’त तसं येणार आहे.”

त्याच संध्याकाळी संवर्धनदिनाची शोकसभा झाली. मांडव तोच, सतरंज्या त्याच. फक्त फलकावरचं ‘स्वागत’ पुसून ‘श्रद्धांजली’ लिहिलं होतं, आणि घाईत दोन्ही वाचता येत होती. पाणकावळेसाहेब म्हणाले, “आपलं या मासळीवर किती प्रेम होतं, हे ती गेल्यावर कळलं.” आणि ते लगेच वर गेले. लोकांना वाटलं, गहिवरले. डॉक्टरांच्या प्रबंधाची नवी आवृत्ती तिथेच प्रकाशित झाली. प्रधानांनी घोषणा केली: कपारीच्या परिसरात यापुढे कुणीही जाऊ नये, कारण तिथे आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

इतक्या वर्षांत त्या राज्याने काढलेला हा एकच हुकूम, ज्याने खरोखर कुणाचं तरी रक्षण झालं.

दिवेवाले मासे निघून गेले. जाळं गुंडाळलं गेलं. अंधार परत आला, गारवा परत आला. त्या शांततेत गभीराबाई बाळंत झाली. एकेक पिलू बाहेर आलं ते पुरतं घडलेलं, निळं, ठिपक्यांचं. आईच्या पराला धरून जरा वेळ डगमगलं, आणि कुणी न शिकवता डोकं खाली करून तरंगू लागलं. वामनकाका भेगेतून मान लांब करून बघत राहिले.

वरून शोकसभेतल्या टाळ्या हलक्या हलक्या ऐकू येत होत्या.

सर्वांत धाकट्या पिलाने विचारलं, “आई, वर कशाचा आवाज आहे?”

“आपण गेल्याचं दुःख चाललंय, बाळा.”

“आपण गेलो?”

“हो.”

“मग आपण इथे कसे?”

गभीराबाईने त्याला कपारीत आणखी आत ओढून घेतलं.

“हळू बोल,” ती म्हणाली. “ऐकू गेलं तर वाचवायला येतील.”

तात्पर्य: सामान्य असाल तर तुमच्याकडे कुणी बघणार नाही आणि तुम्ही मराल. दुर्मिळ झालात तर सगळे बघतील आणि तुम्ही लवकर मराल. ज्याला खरोखर जगायचं असेल, त्याने आधी सरकारदरबारी रीतसर मरून घ्यावं. आणि मुलांनो, परीक्षेत ‘दुर्मिळ जिवांना कसे वाचवावे?’ असा प्रश्न आला, तर हे उत्तर लिहू नका. तिथे ‘जनजागृती करून’ एवढंच लिहा. पूर्ण गुण मिळतात, आणि मासा काही तुमचा पेपर तपासायला येत नाही.